शब्द टाकणारा शेजारी

स्थळ सुचवणं हे आपल्या समाजातलं मोठं जोखमीचं काम. इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या एखाद्या काकू ‘मुलगा चांगला आहे, घर माहितीतलं आहे’ एवढंच बोलतात, पण बोलण्याआधी त्यांनी मनात बराच हिशेब मांडलेला असतो. संसार सुखाचा झाला तर दोन्हीकडचे लोक त्यांचं नाव काढतील. बिनसलं तर चैत्रातल्या हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीला, नाटकाच्या मध्यंतरात, जिथे म्हणून गाठ पडेल तिथे त्यांना ते ऐकावं लागेल. काकूंना गल्ली सोडून जायचं नसतं. म्हणून त्या तोलूनमापून बोलतात, आणि तोलूनमापून बोलतात म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत असते.

माझ्या व्यवसायात याला ‘रेफरल’ म्हणतात. इंदुरातल्या छोट्या व्यावसायिकांना गिऱ्हाईक कसं मिळवावं आणि कसं टिकवावं, याचा सल्ला देणं हे माझं काम. दातांचा दवाखाना, शिकवणी, ब्यूटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती, घरगुती डबे अशी ही मंडळी. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला त्यांच्याकडे पैसा नसतो, इंटरनेटवरच्या जाहिरातींचा खर्च वर्षागणिक चढत जातो, आणि पहिल्याच भेटीत बहुतेकांची एकच मागणी असते: ‘मॅडम, एक रेफरल स्कीम बसवून द्या. जो नवं गिऱ्हाईक आणेल त्याला दोनशे रुपये.’ त्यांना मी जे सांगते तेच इथे सविस्तर सांगणार आहे. दोनशे रुपये हा शेवटचा उपाय. आधी त्या काकू कुठे गेल्या ते शोधायला हवं.

शिफारशीने आलेलं गिऱ्हाईक चांगलं असतं ही व्यापाऱ्यांची जुनी समजूत. ती आकड्यांवर तपासली गेली आहे. फिलिप श्मिट, बर्न्ड स्किएरा आणि क्रिस्तॉफ व्हान डेन बुल्ट या तीन अभ्यासकांनी जर्मनीतल्या एका बँकेच्या जवळजवळ दहा हजार खातेदारांचा सुमारे तीन वर्षांचा व्यवहार पाहिला आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या खातेदाराने नवा खातेदार आणला की बँक आणणाऱ्याला २५ युरो देत असे. असे ओळखीतून आलेले खातेदार इतर मार्गांनी आलेल्यांपेक्षा बँक सोडून जाण्याची शक्यता १८ टक्क्यांनी कमी होती, आणि दीर्घकाळाचा हिशेब केला तर बँकेला त्यांच्यापासून किमान १६ टक्के जास्त मोल मिळत होतं.

असं का होतं? एक म्हणजे, नाव सुचवणारा माणूस दोन्ही बाजू ओळखून असतो. अमक्या शिकवणीत फार गृहपाठ देतात आणि तमक्याच्या मुलाला तेच हवं आहे, हे त्याला माहीत असतं. कोणत्याही जाहिरातीला इतकी नेमकी जोडी जुळवता येत नाही. दुसरं म्हणजे, नवा माणूस आल्यावरही सुचवणारा मधे उभा राहतो. थोडी कुरबुर झाली तर नवं गिऱ्हाईक लगेच तुटत नाही, आधी त्याच्याकडे जातं. तो समजूत घालतो किंवा दुकानदाराला चार शब्द सुनावतो. व्यवहार दोघांचा दिसतो, पण तो तिघांच्या आधाराने उभा असतो.

हा तिसरा माणूस बहुतेक वेळा शेजारी असतो. विल्यम व्हाइट या अमेरिकन लेखकाने १९५४ साली ‘फॉर्च्यून’ मासिकात फिलाडेल्फियातल्या एका वस्तीबद्दल लिहिलं होतं. तिथली घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लावून बांधलेली, सगळी साधारण एकसारखी. राहणारेही साधारण एकाच उत्पन्नाचे. खिडकीत बसवायचा एसी तेव्हा नवा होता आणि तो भिंतीबाहेर डोकावत असल्याने कोणाकडे आहे ते रस्त्यावरून दिसायचं. व्हाइटने मोजणी केली तर एसी वस्तीभर सारखे पसरलेले नव्हते. एका पट्ट्यात घरामागून घर एसी होते, तर तशाच घरांच्या शेजारच्या पट्ट्यात अगदी मोजके. उत्पन्न तेच, उन्हाळा तोच, दुकानंही तीच. फरक होता तो बायकांच्या गप्पा कुठून कुठे जातात याचा. जिथे पोरं एकत्र खेळत, कपडे वाळत घालताना बोलणं होई, त्या बाजूला एसी पसरला. ज्या रस्त्यापलीकडे ये-जा नव्हती, तिथे तो थबकला. दुकानदाराला वाटलं असेल की आपण एसी विकला. खरं तर तो वस्तीनेच वस्तीला विकला होता.

इंदूरच्या जुन्या भागात ही वाट ओटल्यांवरून जायची. माळवी घराच्या दारापुढे रस्त्याला लागून असलेला तो उंच ओटा, संध्याकाळी पाणी मारून थंड केलेला. मल्हारगंज, जुनी इंदूर, छत्रीबाग इथे अजूनही काही शिल्लक आहेत. कोणाच्या मुलीला कुठे नोकरी लागली, कोणता सोनार घडणावळ वाजवी लावतो, कोणता वैद्य मुलांना कडू औषध देत नाही, हे सगळं ओटल्यावर कळायचं. मराठी घरांत त्याची जागा हळदीकुंकवाने आणि भिशीने भरून काढली होती. भिशीत नव्या बाईला घ्यायचं तर जुनी एखादी तिची जबाबदारी घेते. पहिलाच हप्ता उचलून ती बाई गायब झाली तर बाकीच्या जणी कोणाच्या दारात जाणार, हे आधीच ठरलेलं असतं.

ही जबाबदारीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिचा सर्वांत देखणा नमुना माळव्याच्या व्यापारात सापडतो. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे आणि तिच्या पैशाची उलाढाल इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांवरून हुंड्यांनी होत असे. रोकड बैलगाडीतून नेणं धोक्याचं, म्हणून एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर कागद लिहून द्यायचा. त्यात ‘शाहजोग’ नावाची हुंडी असे. तिचा दंडक असा की पैसे कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शाह’मार्फतच ती वटायची. हुंडी घेऊन आलेला परका माणूस मग गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याकडे जाई, आणि तो आपल्या नावावर ती वटवून देई. पुढे हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली तर? पैसे परत करायची जबाबदारी त्या शाहवर. दूर कुठेतरी पसार झालेल्या चोराला शोधत बसायची पाळी पैसे देणाऱ्या पेढीवर येत नसे.

म्हणजे ओळख देणाऱ्याला ओळखीची किंमत चुकवावी लागेल, अशी व्यवस्था त्या कागदातच विणलेली होती. होळकरशाहीत इंदूरच्या व्यापाऱ्यांची ‘ग्यारह पंच’ म्हणून पंचायत होती आणि बाजारातले तंटे तिच्यापुढे जात. शाहने शब्द फिरवला तर त्याला त्याच बाजारात, त्याच लोकांसमोर बसावं लागे. शाहला नीतिमत्तेचे धडे देण्याची गरज पडत नसे. उद्या सकाळी दुकान त्याच गल्लीत उघडायचं आहे, एवढी एक गोष्ट पुरे होती.

आजच्या रेफरल स्कीममध्ये नेमका हा शाह हरवला आहे. २०१७ साली गूगलने ‘तेझ’ हे पैसे पाठवण्याचं ॲप आणलं, तेव्हा कोणाला तरी जोडलं की दोघांनाही ५१ रुपये मिळत. लाखो लोकांनी ते केलं, मीही केलं. त्यात वाईट काही नव्हतं. फुकट ॲप, फसवणूक नाही. पण आपण ज्यांना तो दुवा पाठवला त्यातल्या किती जणांचा आपण विचार केला होता? फोनमधली अख्खी यादी निवडली आणि पाठवून दिलं. शिफारशीला लागणारा विचारच तिथे गळून पडला. ग्यॉन्गसॉक र्यू आणि लॉरेन्स फाइक यांचा २००७ चा अभ्यास हेच सांगतो: बक्षिसाने शिफारशी वाढतात, पण ही वाढ विशेषतः दूरच्या ओळखीच्या माणसांना केलेल्या शिफारशींत दिसते. जवळच्या माणसाला आपण पैशाशिवायही सांगतोच, आणि पैसे घेऊन सांगायला जरा जड जातं.

पैसा एकदा नात्यात शिरला की तो सहजी बाहेर पडत नाही. इस्रायलच्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पालक मुलांना न्यायला उशीर करत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर करणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता ती लाज दंड भरून फिटत होती. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर करणारे तेवढेच राहिले. शिफारशीचंही तसंच होतं. ‘माझ्या नावावर जा’ म्हणणारा माणूस एकदा ‘माझा कोड टाक’ म्हणायला लागला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: याला किती मिळणार?

याचं टोक म्हणजे साखळी योजना. १९७८ च्या कायद्याने प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी आहे, आणि २८ डिसेंबर २०२१ ला केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम अधिसूचित करून पिरॅमिड पद्धतीला पुन्हा स्पष्ट मज्जाव केला. माल विकून कमाई आणि माणसं भरती करून कमाई यांत कायदा फरक करतो. पण कायद्याच्या कक्षेत राहूनही शेजाराचं किती नुकसान होतं ते मोजायला कोणतं मीटर नाही. एखादी वहिनी साबण आणि प्रोटीन पावडरचा डबा घेऊन दारोदार फिरू लागते. दोन-तीन महिने लोक भिडेखातर घेतात. मग तिची चाहूल लागली की दार उघडेनासं होतं. साबण वाईट नसतो. पण तिचं येणं आता नुसतं येणं राहिलेलं नसतं, आणि ते पुन्हा तसं व्हायला वर्षं जातात. अशा घरांत नंतर सत्यनारायणाला बोलावण्यावरूनही अवघडलेपण येतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

दलालीच्या मी विरोधात नाही. इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये, धान्य मंडीत, घरजागेच्या व्यवहारात दलाल असतो, उघडपणे आपला हिस्सा घेतो आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक असतं. तो व्यवसाय आहे, सन्मानाचा आहे. मला खटकते ती झाकलेली दलाली, जी शेजाऱ्याचा चेहरा लावून येते. इंटरनेटवरच्या विकतच्या अभिप्रायांचंही हेच. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ग्राहक अभिप्रायांसाठी मानक काढलं, ते याच रोगावर.

मग उद्योजकांनी एकमेकांना कामं सुचवायचीच नाहीत का? सुचवावीत, पण तोंडओळखीच्या गर्दीत नव्हे. मराठी उद्योजकांत या दिशेने ठरवून काम केलं ते माधवराव भिडे यांनी. रेल्वेत अभियंता म्हणून नोकरी केलेल्या या माणसाने मुंबईत ‘सॅटर्डे क्लब’ सुरू केला. मराठी व्यावसायिकांनी नियमित भेटावं, एकमेकांचा धंदा समजून घ्यावा आणि एकमेकांना संदर्भ द्यावेत, एवढीच त्यामागची कल्पना. जगभर पसरलेलं ‘बीएनआय’ हे जाळं इव्हान मिस्नर यांनी अमेरिकेत १९८५ साली उभं केलं तेही याच पायावर. दोन्हीकडे मला मोलाचं वाटतं ते नियमित भेटणं. ज्याला पुढच्या बैठकीत तोंड दाखवायचं आहे, तो टाकाऊ सुतार सुचवत नाही. अर्थात दर आठवड्याला किमान एक नाव दिलंच पाहिजे असा दबाव आला की तिथेही नावं ओढूनताणून दिली जातात. आकड्यांच्या हव्यासाने चांगल्या पद्धतीची माती होते.

इंदूरचे मराठी वाचक यावर म्हणतील, आमच्याकडे हे आहेच की! आहे, आणि त्याची किंमत आपल्याला पुरती कळलेली नाही. ‘सानंद’ न्यासाचंच घ्या. एकाच नाटकाचे पाच प्रयोग, पाच प्रेक्षक गटांसाठी, गटांना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी नावं. सुदामा नगरचा माणूस आणि विजय नगरचा माणूस एरवी कधी भेटणार नाहीत, पण वर्षानुवर्षं एकाच गटात नाटक पाहून त्यांची मध्यंतरातली ओळख होते. ही ओळख सैल असते, आणि सैल असते म्हणूनच कामाची. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं: ज्याच्याकडून कळलं त्याला तुम्ही किती भेटत होता? वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणारे ५६ आणि क्वचित भेटणारे २८ टक्के. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी मध्यंतरात चहा पिणाऱ्या माणसाकडून येते.

पण नाटकाची ओळख दारासमोरच्या शेजाराची जागा घेऊ शकत नाही, आणि तो शेजार इंदुरात डोळ्यांदेखत विरळ होत गेला. गिरण्यांच्या भागात आधी. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. सुमारे ५,९०० कामगारांची देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं! पाळी सुटल्यावर एकाच रस्त्याने घरी जाणारी, एकाच किराणा दुकानात उधारीची वही असणारी ही वस्ती. तरी अनंत चतुर्दशीच्या झाँकी तिने सोडल्या नाहीत. गिरण्या बंद, यंत्रं भंगारात, पण गिरणीच्या नावाने रोषणाईचे रथ अजून रात्रभर शहरातून फिरतात आणि या परंपरेला शंभर वर्षं उलटून गेली. महापालिका आणि विकास प्राधिकरण मदत करतात हे खरं, पण नुसत्या मदतीने झाँकी उभी राहत नाही. बांबू बांधणारे, वायरिंग करणारे, वर्गणी मागणारे हात गल्लीतलेच लागतात.

नव्या भागाचं दुखणं वेगळं. बायपासलगतच्या, निपानिया किंवा बिचोली मर्दाना बाजूच्या टाउनशिपमध्ये पैसा आहे, बाग आहे, गेटवर पहारा आहे. फक्त माणसं एकमेकांना भेटतील अशी जागा नाही. लिफ्टमधून थेट तळघरात, तळघरातून गाडीत. एमआयटीतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवर लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५० साली पुस्तक लिहिलं. लगतच्या दाराशी मैत्री होण्याचं प्रमाण ४१ टक्के, एक दार सोडून २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना फक्त १०. सगळं अंतर काही पावलांचं! जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही मैत्र्या झाल्या, कारण लोक त्यांच्या दारावरून जात. स्वभाव, आवडी, जात-गाव सगळं नंतर. आधी लागतं रोज दिसणं.

अशाच एका टाउनशिपमध्ये फॉल-पिको आणि ब्लाउज शिवणाऱ्या एका ताई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना कार्डं छापायची होती. मी त्यांना आधी शंभरपानी वही घ्यायला सांगितलं आणि चार रकाने आखून दिले: नाव, कोणाकडून आली, काय शिवलं, तक्रार. काम झालं की जिने पाठवलं तिला फोन करायचा, आभार मानायचे आणि विचारायचं, ती काही बोलली का माझ्याबद्दल? या फोनची ताईंना सुरुवातीला फार धास्ती वाटे. एकदा बाही घट्ट झाल्याचं असंच कळलं, ती त्यांनी उसवून दिली, आणि पाठवणारीने पुढे आणखी गिऱ्हाइकं धाडली. काही महिन्यांनी आम्ही वही उघडून बसलो तर ‘कोणाकडून’च्या रकान्यात पुन्हा पुन्हा दोनच नावं. एक आजी, एक तरुण आई. दोघी सकाळी शाळेच्या बसथांब्यावर नातवाला आणि मुलीला सोडायला उभ्या राहतात. त्या टाउनशिपचा ओटला तिथे होता आणि कोणाला पत्ता नव्हता! ताईंनी रहिवासी समितीला गळ घातली. थांब्यापाशी दोन बाकं आली. गणपतीत मंडपाचे पडदे त्यांनी फुकट शिवून दिले. कोणा एकीला दोनशे रुपये वाटण्यापेक्षा ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिलं.

बक्षीस माणसाला न देता गल्लीला द्यावं, ही युक्ती या शहराला नवी नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून इंदुरात आले होते. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. शहर प्लेगने हैराण होतं, घरोघरी कचरा आणि उंदीर, आणि नगरपालिकेच्या नोटिसांना लोक दाद देत नव्हते. गेडिसांनी दिवाळीत मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ, ज्यांची घरं रंगवलेली, डागडुजी केलेली, तिथून जाईल. मग काय, गाड्यांमागून गाड्या कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगच्या अवाढव्य उंदराची प्रतिकृती होती, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले सफाई कामगार रंगवलेल्या गाड्यांसह मानाने चालत होते. एकट्याचं घर चकचकीत असून काही उपयोग नव्हता. शेजाऱ्याचं दारही स्वच्छ हवं, त्यासाठी शेजाऱ्याशी बोलायला हवं. गेडिसांनी बक्षिसाची रचनाच अशी केली की बोलल्याशिवाय ते मिळणार नाही. २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येणाऱ्या इंदूरने (शेवटच्या वर्षी सुरतेबरोबर विभागून) घंटागाडी आणि दंड यांच्या जोडीने हाच शेजारधर्माचा रेटा वापरला, असं माझं मत आहे.

एक धोका मात्र मोकळेपणाने मांडायला हवा. ओळखीचीच ओळख होत राहिली तर नव्या माणसाला दार कधी उघडत नाही. आपल्या जातीचा वकील, आपल्या भाषेचा डॉक्टर, आपल्या धर्माचा भाडेकरू, अशी शिफारस वशिल्याच्या वाटेने जाते आणि शहराचे तुकडे करते. आशुतोष वार्ष्णेय यांनी सहा भारतीय शहरांचा अभ्यास करून २००२ च्या पुस्तकात दाखवलं की दंगलीच्या तणावात जी शहरं सावरली, तिथे हिंदू-मुसलमानांच्या सामायिक संस्था होत्या: व्यापारी संघ, कामगार संघटना, व्यावसायिकांची मंडळं. नुसतं रस्त्यावरचं ‘राम राम, सलाम’ मोठ्या शहरात अपुरं पडलं. म्हणून माझ्या व्यावसायिकांना मी आग्रह धरते की वहीतल्या ‘कोणाकडून’च्या रकान्यात सगळी नावं एकाच आळीची दिसू लागली की समजा, धंदाही आकसतोय आणि आपणही.

दुकानदारांनो, स्कीम काढण्याआधी दोन गोष्टी करा. तुमच्याकडे आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक कोणाच्या शब्दावर आलं ते लिहून ठेवा, आणि बक्षिसाचा जो पैसा बाजूला काढला असेल तो त्या वस्तीच्या बाकावर, वाचनालयावर, गणपतीच्या मांडवावर लावा. आणि वाचकहो, कोणी तुम्हाला सुतार, डॉक्टर किंवा शिकवणी सुचवली तर काम झाल्यावर त्या माणसाला आवर्जून कळवा. चांगलं झालं तर कळवाच, बिघडलं तर नक्कीच कळवा.